आपलं चांगलं आपण म्हणू नये

आमची वसईजवळ सांडोरला केळीची वाडी. घरात एक नियम लहानपणापासून ऐकला: आपल्या चांगल्या गोष्टीला आपण चांगलं म्हणायचं नाही, दृष्ट लागते. घड कितीही भरला, तरी बाबा म्हणणार, "बरा हाय." बारावीला मला चांगले मार्क पडले, तेव्हाही बाबांनी आत्याला फोनवर सांगितलं, "झाली पास कशीतरी."

अशा घरातली मुलगी मी, आणि विरारच्या कॉलेजात घेतलं काय, तर व्यवसाय व्यवस्थापन! दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय होती. मला लवकर कामाला लागायचं होतं, बाबांना पूर्ण पदवी हवी होती. शेवटी ठरलं की दुसरं वर्ष संपायच्या आत नोकरी मिळाली तर डिप्लोमा, नाहीतर मुकाट तिसऱ्या वर्षाला बसायचं.

पुढच्या वाटा सरांनी फळ्यावर लिहून दिल्या होत्या: विक्री, हिशेब, मनुष्यबळ, मालाची ने-आण. मला विक्रीच हवी होती. पण मुलाखतीच्या सरावात सर म्हणाले, "स्वतःबद्दल दोन मिनिटं चांगलं बोल," आणि मी म्हटलं, "तशी बरी आहे." बस, संपली दोन मिनिटं. वर्ग खो खो हसला. तुमच्यात काय कमी आहे, हे विचारल्यावर मात्र मी अशी सुटले की सरांनाच थांबवावं लागलं.

तुळिंजची एक मैत्रीण होती, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. ती म्हणाली, "अगं, तुझं मार्केटिंग तूच करायचं ना! कंपनीवाले काय तुझ्या शेजाऱ्यांना विचारायला येणार आहेत?" रोज कॅन्टीनमध्ये वडापाव पुढ्यात ठेवायची आणि स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य बोलल्याशिवाय हात लावू द्यायची नाही. पहिल्या दिवशी वडा गार झाला. भुकेपुढे दृष्ट किती दिवस टिकणार?

वसई पूर्वेला पॅकिंगचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत झाली. "तुम्हालाच का घ्यावं?" असं समोरच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मी कष्टाळू आहे, हिशेबाला पक्की आहे, गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी माझा आवाज चढत नाही. शेवटचं साफ खोटं होतं. पण आवाज कापला नाही, आणि त्यांनी मला विक्री विभागात घेतलं.

घरी येऊन पिशवीही न ठेवता मी वाडीत गेले. बाबा केळीला टेकू लावत होते. बातमी ऐकून म्हणाले, "बरं झालं," आणि दुसरा बांबू उचलला. इतकंच. मला भयंकर राग आला. दोन वर्षांत परक्या माणसांसमोर स्वतःची तारीफ करायला शिकले, आणि सख्ख्या बापाला एक शब्द जड झाला!

संध्याकाळी शेजारचे काका आले. मी आत होते. ते म्हणाले, "पोरगी मोठ्या कंपनीत लागली म्हणे!"

"कसली मोठी? दिली हाय कायतरी जागा," बाबा म्हणाले. "तिला चार मानसांत धड बोलता येत नाय. उन्हातान्हात फिरायचं काम, कुठं जमनार? टिकेल तेवढी टिकेल."

बोलूनच तर नोकरी मिळवली होती. तरातरा बाहेर जाऊन तसं सुनावायचं, म्हणून मी दारापर्यंत आलेही. तिथे थबकले.

बाबांची ही भाषा माझ्या ओळखीची होती. वाडीत एखादा घड डोळ्यांत भरण्यासारखा लागला आणि कुणी बघायला आलं, की ते असेच बोलायचे. "आतून पोकळ असेल, पावसात टिकायचा नाय." खुरट्या घडाला त्यांनी कधीच नावं ठेवली नाहीत. त्याच्याकडे कोण बघणार होतं?

मी दाराआडच उभी राहिले. बाहेर बाबा नावं ठेवत होते, थांबायचं नाव नव्हतं. आणखी ठेवावीत, असं मला वाटत होतं.