मधल्या रेषेचा हात

आमच्या मलकापुरातले हे निवृत्त मास्तर दर शनिवारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसतात. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. कॉलेजात ते कबड्डी खेळायचे आणि वार्षिकांकही काढायचे. खामगावविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या चढाईत ते पकडले गेले. हात मधल्या रेषेला लागला नाही, असं पंच म्हणाले आणि सामना गेला. मास्तरांनी वार्षिकांकात लांबलचक कविता छापली, की हात लागला होता. पुढच्या वर्षी खामगावच्या अंकात उत्तर आलं, तेही यमक जुळवून.

ते उत्तर लिहिणारा, मास्तरांना पकडणारा तोच गडी, अजून शनिवारच्या एसटीने भांडायला येतो. चहा घेत दोघं आपापली कविता म्हणतात. रेषेची ओळ आली की मास्तर कप माझ्याकडे देतात आणि हात लांबवून दाखवतात.

गेल्या शनिवारी पाहुण्याच्या हातात काठी होती. दोन पायऱ्या चढून तो धापा टाकत बसला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आयक बे, नव्हता लागला माहा हात."

पाहुणा भडकला. "आता काऊन पलटून राह्यला? मंग मी शनिवारी येऊ कायले?"

मास्तरांनी कप माझ्याकडे दिला.