मोक्षधामात दिलेला शब्द

भाऊ मंगळवारी वारला. दुपारी, दुकानात. संध्याकाळी अकोल्याच्या मोक्षधामात त्याला अग्नी दिला. नंतर शोकसभा झाली. तिच्यात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या भावाकडे कोणाचं काही निघत असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. मी कागद मागणार नाही."

आमच्या वऱ्हाडात चिता पेटली की माणसं लगेच घरी जात नाहीत. पायऱ्यांवर बसतात. कोणीतरी पुढं होऊन एकेकाला दोन शब्द बोलायला सांगतो. वॉर्डाचा माजी नगरसेवक बोलतो, एखादे निवृत्त मास्तर बोलतात, धंद्यातला एखादा बोलतो. शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि हात धुऊन निघायचं. त्या दिवशी तिघं बोलले आणि तिघांनीही भावाला मनमिळाऊ म्हटलं. भाऊ मनमिळाऊ नव्हता. तो कमी बोलायचा आणि गिऱ्हाइकावर डाफरायचा. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देणं हा त्याचा धंदा: जुनी तार काढायची, तेवढ्याच वेढ्यांची नवी तांब्याची तार बसवायची, वार्निश लावायचं, वाळवायचं. माझ्यापेक्षा तो अकरा वर्षांनी मोठा. माझं बी.ए. आणि त्यानंतरचा ग्रंथालयाचा कोर्स त्या तारेवर झाला.

"घरच्याईपैकी कोनाले बोलाचं आहे काय?" असं विचारलं गेलं तेव्हा मी उठलो. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक आहे. दहा माणसांत मी बोलत नाही. भावाबद्दल एखादं खरं वाक्य बोलावं एवढंच मनात होतं. ते सापडलं नाही आणि त्याच्या जागी हे आलं.

माणसं माझ्याकडे बघू लागली. एकानं माझा हात दाबला. मला बरं वाटलं, हे इथं कबूल केलं पाहिजे.

बायका मोक्षधामात येत नाहीत. मी काय बोललो हे माझ्या बायकोला तिसऱ्या दिवशी एका चुलत नणंदेकडून कळलं. नणंद म्हणाली होती, "तुमच्या घरच्यानं तं सभा जिकली वं." त्या रात्री वहिनीच्या घरी, सगळे झोपल्यावर, बायकोनं मला न्हाणीजवळ गाठलं.

"तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले?"

मी न्हाणीचं दार लोटून घेतलं.

"किती देनं आहे त्याईचं?"

"माहीत नाही."

"माहीत नाई, आन् देतो म्हटलं. कागद बी नाई मांगत म्हटलं." तिनं आवाज आणखी खाली आणला. "घराचं काय मंग?"

घराचं असं होतं. अमरावतीत आम्ही ज्या दोन खोल्यांत चौदा वर्षं भाड्यानं राहत होतो त्या मालक विकणार होते. पहिला हक्क आम्हाला दिला होता. पोळ्यापर्यंत अडीच लाख इसार द्यायचा, बाकीचं बँकेचं कर्ज. बायको उन्हाळ्यात लोकांच्या घरचे सरगुंडे, शेवया, कुरडया करून देते. त्या पैशांतून तिनं पोस्टात आरडी चालवली होती. तिच्यात एक लाख दहा हजार झाले होते. माझे थोडे होते, थोडे तिच्या माहेरून मिळणार होते. पोळ्यापर्यंत होतील असं ती बोटांवर मोजून सांगायची.

तेरवीपर्यंत माझ्याकडे अकरा माणसं आली. कोणी वाईट वागलं नाही. सांत्वनाला आल्यासारखे येत, भावाची एखादी आठवण सांगत आणि निघताना चपला पायात घालता घालता आकडा सांगत. कोणी नऊ हजार, कोणी बावीस. तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्यानं बिलं आणली होती. बाकी सगळं हातउसनं. सर्वांत मोठा आकडा तेल्हाऱ्याच्या एका काकांचा होता. त्यांचं तिथं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्या भागातल्या जळालेल्या मोटारी ते भावाकडे पाठवत. साठ हजार.

"मशीन घेतलं तवा देल्ले होते," ते म्हणाले. "तुमी सभेत बोलले म्हनून आलो, सर. नाई तं म्या आलो नसतो."

ग्रंथालयात नवीन पुस्तकाची नोंद करतो तशी मी एका वहीत रकाने आखून नोंद केली. अनुक्रमांक, दिनांक, कोणाचे, किती, शेरा. एकूण तीन लाख बेचाळीस हजार. शेऱ्याचा रकाना कोराच राहिला.

आता मागं पाहताना दिसतं की हातउसन्याला व्याज नव्हतं. ती माणसं थांबली असती. पण अकोल्यात ओळखीचं कोणी समोर आलं की मी वाट बदलायचो. मला ते लवकर मिटवायचं होतं. म्हणून कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढलं. पाच हजार तीनशेचा हप्ता, चार वर्षं. बिनव्याजी देणं व्याजाच्या देण्यात बदललं आणि ते करताना मी स्वतःला जबाबदार समजत होतो.

बायकोची आरडी मी मागितली नव्हती. एक दिवस वहिनीचा फोन आला. त्या अकरा जणांपैकी दोघं घरी येऊन बाजेवर बसले होते. "साहेबानं शोकसभेत सांगतलं होतं, मंग अजून काहून नाई?" असं विचारत होते. वहिनी घरात एकटी, शिलाई मशीन चालवून पोट भरणारी. फोन बायकोनं घेतला होता. दुसऱ्या दिवशी ती पोस्टात गेली, आरडी मोडली आणि पैसे कापडी पिशवीत आणून माझ्या टेबलावर ठेवले.

"हे वयनीसाठी देल्ले," ती म्हणाली. "तुमच्या भाषनासाठी नाई."

उरलेले बत्तीस हजार दर महिन्याला चार हजारांप्रमाणे द्यायचे ठरले. माझा पगार चौतीस हजार. हप्ता, भाडं, मुलीच्या शिकवणीची फी आणि हे चार हजार बाजूला काढले की जे राहायचं त्यात बायको महिना काढायची. तिनं पाकिटं केली होती: किराणा, गॅस, दवाखाना, येणंजाणं. एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे न्यायचे तर चिठ्ठी ठेवायची असा तिचा नियम. दवाखान्याच्या पाकिटात नुसत्या चिठ्ठ्या होत्या. मी वर्तमानपत्र बंद केलं. ग्रंथालयात येतच होतं. दुपारचा चहा बंद केला. दाढीचं ब्लेड महिनाभर चालवलं. असल्या बचतीत एक कोरडं सुख असतं. चटक लागावी तसं मला ते लागलं होतं. बायको म्हणायची, "तुमी चहा वाचवून राहिले, अन् घर चाललं."

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला जायचो. मूर्तिजापूर गेलं की पाकीट एकदा चाचपायचो. ज्यांचे पैसे द्यायचे त्यांच्याकडे बसायचो, पाणी प्यायचो. ते भावाबद्दल बोलायचे. एकानं सांगितलं, तो मोटारीला कान लावून आवाज ऐकायचा आणि बेअरिंग गेलं की वाइंडिंग ते सांगायचा. हे मला माहीत नव्हतं. परतताना गाडीत मी त्या गोष्टी मनात घोळवत असे. खरं सांगायचं तर मला त्या रविवारांची वाट पाहावीशी वाटू लागली होती. घरी ओढाताण चालली होती आणि मी तिकडं भावाला भेटून आल्यासारखा परत यायचो. हे मी बायकोला कधी सांगितलं नाही.

पोळा आला. मालकांनी आठ दिवस वाढवून दिले. बायकोनं माहेरच्यांना विचारलं. त्यांचंही त्या वर्षी जमलं नाही. नवव्या दिवशी मालक पेढे घेऊन आले. दोन्ही खोल्या त्यांनी परतवाड्याच्या एका कुटुंबाला विकल्या होत्या. त्या लोकांनी आम्हाला भाडेकरू म्हणून राहू दिलं, भाडं पंधराशेनं वाढवून. बायकोनं पेढा खाल्ला नाही. मुलीच्या हातात दिला आणि भांडी घासायला बसली.

त्याच महिन्यात अकराव्या माणसाचा शेवटचा हप्ता दिला. वहीत सगळ्या नावांवर रेघ मारली.

दिवाळीच्या आधी वहिनीनं दुकान रिकामं करायला घेतलं. भाड्याचं दुकान, किती दिवस ठेवणार. मी मदतीला गेलो होतो. वार्निशचे डबे, लाकडी साचे, तारेची रिळं आणि फळीवर एक वही. काळी, तेलकट, पानं एकमेकांना चिकटलेली. ती वही मी पूर्वी शंभर वेळा पाहिली होती. प्रत्येक मोटार उघडली की किती वेढे, कोणत्या जाडीची तार, हे मोटार भरणारा वायंडर लिहून ठेवतो, म्हणजे तशीच मोटार पुन्हा आली तर मोजावं लागत नाही. ते त्याचं धंद्याचं टिपण, त्यात माझ्या वाचण्यासारखं काही नाही, असं मी धरून चाललो होतो. वीस वर्षं पुस्तकं हाताळणाऱ्या माणसानं ती वही एकदाही उघडली नव्हती.

वहिनीनं उघडली. ती नवव्या इयत्तेपर्यंत शिकलेली. पान पुसून ती वाचू लागली.

"भाऊजी, हे पाहा बरं."

वेढ्यांच्या आकड्यांपुढं मजुरी लिहिलेली होती. काही मोटारींपुढं मजुरीवर आडवी रेघ आणि "वजा" असा शब्द. खाली कोणाच्या देण्यातून वजा, त्याच्या खुणेचं अक्षर. तेल्हाऱ्यासाठी "ते". पानामागून पान "ते", "वजा". तीन वर्षं भाऊ त्या काकांच्या मोटारी भरत होता आणि मजुरी साठ हजारांतून वजा करत होता. शेवटच्या नोंदीखाली त्यानं लिहिलं होतं, "फिटले." खाली तारीख. वारण्याच्या पाच महिने आधीची.

आम्ही दुकानातच जमिनीवर बसून सगळी वही पाहिली. अकरांपैकी पाच जणांचं त्यानं असंच काम करून फेडलं होतं. मिळून एक लाख सव्वीस हजार.

मी वहिनीला म्हणालो, "लोकांनी फसवलं."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "लोकाईचं सोडा. त्याईच्या जितेपनी कोनी दारात मांगाले आलं नाई, भाऊजी. एक बी नाई. तुमी सभेत उभे राहून त्याईले कर्जबाजारी केलं. मले इचारलं असतं तं म्या सांगतलं असतं, ते कोनाचं ठेवत नाई म्हनून."

तिनं आवाज चढवला नव्हता. तिनं वही पदरानं पुसली आणि पिशवीत ठेवली.

पुढच्या रविवारी मी तेल्हाऱ्याला गेलो, वहीच्या पानांचे झेरॉक्स घेऊन. काका दुकानात होते. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली, घाई न करता.

"काम केलं, नाई म्हनत नाई म्या," ते म्हणाले. "पन हिशोब कुटी झाला होता? बसून करू म्हटलं होतं. मंग तो गेला."

"त्यानं फिटले असं लिहिलं आहे, काका."

"त्यानं लिहिलं. म्या थोडी लिहिलं." ते जरा हसले, मग हसू आवरलं. "तुमीच म्हटलं नं सर, कागद नाई पाहत. आता तुमीच कागद घेऊन आले. मले वाटलं, घरच्याईले माहीत असन, तवाच देऊन राहिले."

त्यांचं बोलणं मला पुरतं खोटं वाटलं नाही. अजूनही ठरवता येत नाही. त्यांचा मुलगा आतून चहा घेऊन आला. काका म्हणाले, हळूहळू देतो. निघताना त्यांनी तुरीच्या डाळीची पाच किलोची पिशवी माझ्या हातात कोंबली. नको म्हणता आलं नाही. ती मांडीवर घेऊन मी एस.टी.नं घरी आलो.

बायकोनं पिशवी पाहिली. "साठ हजाराची डाळ?" ती म्हणाली. "शिजन तरी काय?" आणि हसू लागली. त्या वर्षात पहिल्यांदा. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

काकांचे दोन हजार एकदा आले, मग पुन्हा दोन हजार. नंतर आले नाहीत. बाकी चौघांपैकी एकानं स्वतःहून नऊ हजार नेऊन वहिनीला दिले, तिची माफी मागून. उरलेल्या तिघांकडे मी गेलो नाही. बायको म्हणते, "तुमाले देता येते, मांगता येत नाई." ते खरं आहे. पण त्याहून खरं असं की मागायला गेलो तर काय म्हणून जाऊ, हे मला कळत नाही. माझ्या भावानं तुमचं फेडलं होतं, हे वाक्य मोक्षधामात त्या संध्याकाळी म्हणायला हवं होतं. भावाबद्दलचं खरं वाक्य तेच होतं. ते त्याच्या दुकानाच्या फळीवर होतं आणि मोक्षधामात जमलेल्या दीडशे माणसांनी माझ्याकडून त्याच्या उलट ऐकलं. त्यातली काही आता या जगात नाहीत. बाकीची भेटली तर भावाचं नाव काढतात आणि म्हणतात, तुम्ही मोठ्या मनानं सगळं निस्तरलं. मी मान हलवतो.

वर्षश्राद्धाला मी वहिनीला विचारलं, आता चार माणसं जमली आहेत तर वहीतलं सांगू का? ती म्हणाली, "राहू द्या आता." मी राहू दिलं.

ती वही वहिनीकडे आहे. पतसंस्थेचे एकवीस हप्ते बाकी आहेत. बायकोनं पोस्टात पाचशे रुपयांची आरडी पुन्हा सुरू केली आहे, तिच्यात साडेसात हजार झाले आहेत. आम्ही त्याच दोन खोल्यांत भाड्यानं राहतो.