लॉजमधल्या चोवीस कुंड्या

पान नुसतं धरलं आणि ते बुडासकट हातात आलं. बूड पिवळं, मऊ, आणि वास असा की लॉजचे मालक दोन पावलं मागं सरकले.

"बिराजदार, हे झाड मारायचं म्हटलं तरी मरत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता ना?" त्यांनी विचारलं. "हे सातवं."

म्हणालो होतो खरं.

मी करजगीचा. तिथं माझी नर्सरी आहे. आयुष्य लिंबाची रोपं आणि आंब्याची कलमं विकण्यात गेलं. शोभेची झाडं हा माझा प्रांत नव्हे. गाणगापूरचे हे लॉजमालक म्हणजे निवृत्त हेडमास्तर. रूमबाहेर ठेवायला काहीतरी हिरवं द्या, अशी त्यांनी ऑर्डर दिली आणि मी जोरात स्नेक प्लांट सुचवलं. तेव्हा त्या झाडाच्या बाबतीत मीही पहिलीतलाच विद्यार्थी होतो. होलसेलवाल्याच्या गाडीतून कुंड्या उतरल्या तेव्हा आमचे अप्पा, म्हणजे वडील, बघून म्हणाले, "ही तर आपल्या बांधावरची घायपात. इकत कामून आणलास?"

फरक मलाही हात लावूनच कळला. घायपातीच्या पानाच्या टोकाला काटा असतो, टोचला की आठवण राहते. कोरफडीचं पान मोडलं की आत गर निघतो. स्नेक प्लांटला काटा नाही. पान तलवारीसारखं सरळ मातीतून वर येतं, त्यावर फिक्या आणि गडद हिरव्या रंगाच्या आडव्या लाटा असतात. आम्ही आणलेल्या जातीला पिवळी किनारही होती. मातीत हळदीसारखा आडवा वाढणारा कंद असतो. पाणी त्या कंदात आणि पानांत साठून राहतं. म्हणून बोट खुपसून बघायचं, माती आतपर्यंत कोरडी झाली असेल तरच पाणी द्यायचं. सावलीत पंधरा दिवसांनी एकदा पुरतं. जास्त झालं की कंद सडतो.

हे सगळं मी कागदावर लिहून काढलं होतं. चोवीस कुंड्या घेऊन गेलो त्या सकाळी आधी संगमावर अंघोळ केली, देवळात दर्शन घेतलं. पहिली कुंडी जिन्याजवळ ठेवून रीतसर सुरुवात केली, मालकांना कागद वाचून दाखवला, पेढे वाटले आणि घरी आलो. दीड महिन्यात हे असं.

"कुणीतरी रोज पाणी घालतंय," मी सांगून मोकळा झालो. निदान बरोबर होतं. पण ते कुणाच्या अंगावर जाऊन पडणार, याचा विचार मी केला नाही.

मालकांनी गौराक्काला हाक मारली. दोन्ही मजल्यांची झाडलोट तिच्याकडं. घरात कमावणारी ती एकटीच.

"तीनदा बजावलं होतं, गौराक्का. तरी पाणी?"

"सर, कागदात लिवलंय तसंच करायले. पंधरा दिवसाला एक डाव."

"मग काय आपोआप भिजल्या? उद्याची गुरुवारची गर्दी आवरू दे. परवापासून येऊ नका."

ती फडकं पिळत उभी राहिली. माझ्या एका वाक्यानं बाईची नोकरी जायला निघाली होती.

"सर, एक दिवस द्या," मी म्हणालो. "उद्या मी इथंच बसतो."

"आणि नर्सरी?"

"बायको बघेल. कोण पाणी घालतंय ते कळल्याशिवाय मी हलत नाही."

आधी सगळ्या कुंड्यांत बोट घातलं. कोपऱ्यातल्या रूमसमोरच्या कुंड्या ठणठणीत, माती कोरडी. जिन्याजवळच्या नऊ मात्र चिखल. एका कुंडीत तुळशीचं पान चिकटलं होतं, दुसरीत फुलाची पाकळी. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला.

गुरुवारी जिन्याजवळ खुर्ची टाकून पेपर उघडला. सकाळी यात्रेकरू संगमावर गेले. गौराक्कानं फरशी पुसली, कुंड्यांकडं बघितलंसुद्धा नाही. दुपारी माधुकरी मागून लोक परतले, बॅगा भरायला लागले. तेवढ्यात कोल्हापूरकडच्या एक बाई तांब्या घेऊन आल्या. कुंडीत ओतला, मातीला हात लावून नमस्कार केला आणि वळल्या.

"ताई, झाडाला पाणी कशाला घातलंत?"

"पाणी कुठलं? कालचं तीर्थ उरलं होतं. आज ताजं आणलंय. मग कालचं काय मोरीत ओतू?"

चार वाजेपर्यंत अकरा जण आले. कुणी बाटली रिकामी केली, कुणी पंचपात्र. लॉजमध्ये जो येतो तो याच गावाला, याच कामाला येतो, आणि रूम सोडताना प्रत्येकाकडं घोटभर तीर्थ उरतं. मी कपाळाला हात लावला. आमच्या घरीही देवपूजेचं तीर्थ तुळशीलाच जातं. माझ्या कागदावर ऊन होतं, खत होतं, पाणी होतं. ही गोष्ट नव्हती.

मालकांकडं निघालो तर गौराक्का आडवी आली.

"अण्णा, एक सांगायचंय. मी बी घातलंय."

"काय?"

"लोक रूममंदी तीर्थ ठिवून जातेत. मी ते मोरीत कसं टाकू? जिन्याजवळ घालत हुते."

"मग काल कामून सांगितलं न्हाईस?" माझा आवाज चढला.

"भ्याले. अन् मला वाटलं, चालतंय. कुंड्या आणल्या त्या दिवशी पहिलं तीर्थ तुमीच घातलं की. संगमावरची आख्खी बाटली. मी हितंच हुते, फडकं घेऊन."

सगळं आठवलं. बाटली ओतली होती, हात जोडले होते, धंद्याला यश दे म्हणालो होतो. आणि पाच मिनिटांनी मालकांना जादा पाण्यावर भाषण दिलं होतं. इतकी लाज मला गिऱ्हाइकाला विकलेली कलमं मेली तेव्हाही वाटली नव्हती.

मालकांना सगळं सांगितलं. सुरुवात माझ्यापासून केली. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे पेपर काढणाराच नापास," ते म्हणाले. मग गौराक्काकडं वळले. "उद्या नेहमीच्या वेळेला या. आणि मी बोललो ते विसरा."

"व्हय सर," ती म्हणाली. विसरल्यासारखी दिसली नाही.

मालक बोर्ड लावायचा म्हणत होते, कुंडीत तीर्थ टाकू नये म्हणून. गौराक्का म्हणाली, "मोरीत तर कुणी टाकणार न्हाई. खिडकीतनं टाकतील. खाली लोक जायलेत." तिचं खरं होतं. मग जिन्याच्या खिडकीशी, उजेडात, एक मोठी कुंडी ठेवून तिच्यात कर्दळ लावली. तिला कितीही पाणी चालतं. 'तीर्थ येथे घालावे' अशी पाटी लावली. लोक आनंदानं तिथं घालू लागले.

नऊ कुंड्या मी घरी आणल्या. सडका भाग कापला, उरलेला दोन दिवस सावलीत सुकवला, वाळू मिसळलेल्या मातीत लावला. चार वाचल्या. पाचांची नुसती पानं उरली होती, तीच कापून लावली. अडीच महिन्यांनी त्यांना फुटवा आला, पण साधा हिरवा. पानापासून केलेल्या रोपाला पिवळी किनार येत नाही, ती कंदाचा तुकडा लावला तरच मिळते. हेही मला तेव्हाच कळलं.

माझ्या कागदात आता ऊन-पाण्याच्या आधी एक प्रश्न असतो: देवाचं तीर्थ कुठं घालता?

कर्दळ बसवली त्या दिवशी मी संगमावरून बाटली आणली नव्हती. गौराक्कानं आणली होती. माझ्या हातात देत म्हणाली, "पहिलं तुमीच घाला, अण्णा. सगळ्यांना दिसंल असं."

घातलं.