पुढच्या राउंडअबाउटला वळव

आमच्या गाडीत सत्तावीस वर्षं एकच नियम चालला. स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात आणि रस्ता माझ्या तोंडात. "सरळ. आता उजवीकडची लेन धर. राउंडअबाउट बारा, दुसरा एक्झिट." तो निमूट वळवायचा. मधूनच विचारायचा, "आता कुठून घेऊ?" की मी कपाळावर हात मारायची. बहारीनमधल्या आमच्या हमद टाउनच्या राउंडअबाउटना ओळीने नंबर दिलेत, तरी या माणसाच्या डोक्यात एक रस्ता शिरेल तर शपथ, असं मी हॉस्पिटलातल्या मैत्रिणींना रंगवून सांगत असे.

गेल्या वर्षी तो साठ पूर्ण करणार होता. अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या कारखान्यातली त्याची नोकरी एप्रिलमध्ये संपणार होती आणि तिच्याबरोबर व्हिसाही. माझं नर्सचं कॉन्ट्रॅक्ट अजून दोन वर्षं शिल्लक होतं. त्याने वसईला जाऊन बंद घर उघडायचं, मी इथेच राहायचं, असं ठरलं. मला मात्र एकच घोर लागला होता: माझ्याशिवाय हा रस्ते कसा शोधणार? वसई आता आमच्या वेळची राहिलेली नाही, आणि तिथल्या चौकांना नंबरही नाहीत.

त्याआधी, फेब्रुवारीत, मुलीने आम्हाला बोलावलं. ती हॉटेल मॅनेजमेंट शिकते आणि तेव्हा ट्रेनिंगसाठी आल्प्समधल्या एका स्कीच्या गावात होती. हॉटेलच्या स्टाफसाठी असलेली एक खोली चार दिवस आम्हाला मिळाली. जन्मभर भट्टीशेजारी शिफ्ट केलेला माझा नवरा पहिल्या सकाळी बर्फात उभा राहून नुसते बूट आपटत बसला. बूट उचलायचा, उमटलेला ठसा बघायचा, परत आपटायचा.

स्की आम्ही करणार नव्हतो. हाडं जुळायला या वयात किती महिने लागतात, ते मी रोज बघते. पण पायी फिरणाऱ्यांसाठीही तिथे एक वाट होती. गोंडोलाने, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या डब्यातून, माथ्यावर जायचं, बर्फातून तासभर चालत दुसऱ्या गोंडोलापर्यंत पोचायचं आणि त्यातून गावात उतरायचं. मुलीने नकाशा दिला आणि म्हणाली, "ममा, लास्ट गोंडोला इज अ‍ॅट फोर-थर्टी. डोन्ट मिस इट, प्लीज."

"तुझ्या बापाला घेऊन अख्खं बहारीन फिरलेय मी," मी म्हटलं.

नकाशा म्हणजे एक रंगवलेलं चित्रच होतं. पांढरे डोंगर, त्यांवर स्कीच्या उतारांच्या रेघा, सोप्या त्या निळ्या, अवघड त्या काळ्या. आमची पायवाट गुलाबी ठिपक्यांची. माथ्यावर एका लाकडी रेस्टॉरंटपाशी वाट फुटत होती. चित्रात दुसरा गोंडोला डावीकडे होता, म्हणून मी डावीकडे वळले.

"उजवीकडे नसेल ना?" तो हळूच म्हणाला.

"नकाशा कोणाच्या हातात आहे?"

तो माझ्यामागून चालायला लागला. वाट छान उताराची होती, चालायला काहीच कष्ट नव्हते, मी खुशीत होते. अर्ध्या तासाने खालून ढग वर आला आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. त्यातून एक कुलूप लावलेली झोपडी पुढे आली. वाट तिथेच संपत होती. गोंडोलाचा पत्ता नव्हता.

"काही बिघडत नाही, पुढच्या राउंडअबाउटला यू-टर्न मारू," मी सवयीने म्हणाले.

बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं. आमच्या सपाट बेटावर रस्ता चुकला की वळून परत येता येतं. इथे जितकं उतरले होते तितकं चढायचं होतं. पावणेतीन वाजले होते. त्याचा एक गुडघा जुना आजारी, आणि त्या उंचीवर त्याला धाप लागत होती हे मी सकाळपासून बघत होते. मी घाबरले. नकाशा उलटासुलटा फिरवून बघायला लागले.

त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"हे चित्र गावातून वर बघत काढलंय," तो म्हणाला. "आपण वरून खाली बघत होतो. चित्रातलं डावं ते आपलं उजवं." मग वाटेच्या कडेच्या खांबावरचा बर्फ त्याने हाताने पुसला. "हा सहा नंबर. रेस्टॉरंटजवळचा चौदा होता. चौदापर्यंत चढायचं. तू मोज, राउंडअबाउटसारखे."

मी मोजत गेले. सात. आठ. अकराव्या खांबाशी तो बर्फातच बसला, मी त्याची नाडी धरून उभी राहिले, आणि तो म्हणाला, "चल, झालं." चौदाला मघाशी सोडलेली उजवीकडची वाट धरली. गोंडोलाचा माणूस दार धरून उभा होता, हाताने घाई करत होता. "यल्ला," नवरा मला म्हणाला, आणि आम्ही आत शिरलो. शेवटच्या डब्यात दोघंच होतो.

"तुला रस्ते कळतात," मी म्हटलं.

"कळतात."

लग्नाआधी दोन वर्षं तो कंपनीचा पिकअप घेऊन सगळ्या बेटावर फिरत असे. हे मला माहीत होतं. कधी लक्षात घेतलं नव्हतं, इतकंच.

"लग्न करून आलीस तेव्हा दोन महिने दाराबाहेर पडत नव्हतीस," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये दूध आणायलाही मीच जायचो. मग एका शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना म्हटलं, मला रस्ता आठवत नाही, तू पाट्या वाच. पुढे तुला आवडायला लागलं."

मला आधी रागच आला. सत्तावीस वर्षं मला वेडी बनवलं म्हणून जेवताना मी मुलीकडे तक्रार केली. ती पाणी वाढता वाढता म्हणाली, "ममा, एव्हरीवन नोज दॅट." मग मात्र मी चमचा खाली ठेवला. वसईला तो व्यवस्थित राहणार होता. बहारीनचे सगळे रस्ते पाठ असलेली मीच एकटी पडणार होते.

एप्रिलमध्ये त्याला विमानतळावर सोडायला गाडी मी चालवली. लायसन्स होतं, पण तोवर घर ते हॉस्पिटल एवढंच धाडस केलं होतं. तो माझ्या सीटवर बसला होता. हा रस्ता मला डोळे मिटून सांगता आला असता. तरी राउंडअबाउट यायच्या आत मी विचारलं, "आता कुठून घेऊ?"

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सांगायला लागला. सरळ. दुसरा एक्झिट. डावी लेन धर. मुहर्रकचा पूल ओलांडला, विमानतळाकडे डावीकडे वळायची पाटी आली, आणि तो म्हणाला, "सरळ."

मी सरळ गेले. लांबवर हिद्दच्या बंदरातल्या क्रेन दिसायला लागल्या.

"चुकलं वाटतं," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "पुढच्या राउंडअबाउटला वळव."

विमानाला अजून तीन तास होते. मी राउंडअबाउटला दोन वळसे घातले आणि मग गाडी विमानतळाकडे घेतली.