मस्टरात नसलेले खाकरे सर

खाकरे सर गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. शाळेच्या ग्रुपवर फुलांच्या चौकटीत त्यांचा फोटो होता आणि खाली संस्थेच्या सचिवांच्या नावानं लिहिलं होतं, ‘आमच्या शाळेचे आधारस्तंभ हरपले.’ फोटो पाहून रडू यायला हवं होतं... मला संताप आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

बोरीच्या पुढं आमचं गाव. माझे वडील सायकलींचे पंक्चर काढायचे, घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. आठवीला सर इंग्रजी शिकवायला आले. आम्ही पाठ करायचो, ते थांबवायचे. ‘एक्झिस्ट’ आणि ‘लिव्ह’ या शब्दांचे अर्थ पुस्तकात शेजारी शेजारी दिले होते. सरांनी आम्हाला पटांगणात नेलं, एक दगड दाखवला. “ह्यो एक्झिस्ट करतो. तुमी बघा नाहीतर बघू नका, त्याला फरक न्हाई. ती बाभळ लिव्ह करती, तिला पाणी लागतं. माणसाला पाणी तर लागतंच, पण कुणीतरी नावानं हाक बी मारावी लागती.” मागून बाळ्या म्हणाला, “सर, मला तर माय दिसभर हाका मारायलीय, मी लय जिवंत हाय!” सगळा वर्ग हसला, सर सगळ्यांत जास्त.

त्याच आठवड्यात त्यांनी एक रीत सुरू केली. आमची हजेरी संपली की मॉनिटरनं सरांचं नाव पुकारायचं. मॉनिटर मी होते. मी “खाकरे सर?” म्हणायचे, ते खुर्चीतून उठून ताठ उभे राहायचे. “आय ॲम हिअर.” मग मी माझ्या दोनशेपानी वहीत खूण करून खाली सही करायचे. बाळ्यानं विचारलं, “उशीर झाला तर तुमाला बी छडी का?” सरांनी तळहात पुढं केला. “ये, हाण.” बाळ्या जागचा हलला नाही. आम्हाला तो खेळ वाटायचा.

तपासणीला साहेब आले त्या दिवशी सर शाळेत नव्हते. मी नाव पुकारलं, तर मुख्याध्यापक धावत आले आणि माझ्यावर खेकसले, “गप बस!” दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “सर, कालच्या रकान्यात काय लिहू?” ते म्हणाले, “लिही, सर होते, हजर नव्हते.” मी लिहिलं. असं त्या वर्षी तीनदा लिहिलं.

कॉलेजात गेल्यावर मला उलगडलं. सरांच्या पदाला सरकारची मान्यता नव्हती, शिक्षकांच्या हजेरीच्या मस्टरात त्यांचं नाव नव्हतं. अठरा वर्षं ज्या शाळेत शिकवलं, तिथं त्यांना सही करायला एक रकाना मिळाला नाही. तो रकाना त्यांनी एका पोरीच्या वहीत मागून घेतला होता! तपासणीच्या दिवशी त्यांना घरी बसवणाऱ्यांना आज ते आधारस्तंभ म्हणून आठवतात. मेलेल्या माणसाला मान द्यायला मान्यता लागत नाही.

राग संस्थेवाल्यांवरच आहे असं नाही, स्वतःवरही आहे. मी आज परभणीत एका कार्यालयात लिपिक आहे. ती नोकरी, हे चार ओळींचं लिहिणं, सगळं सरांच्या जिवावर. आणि ‘सदर पद अस्तित्वात नाही’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी अर्जांवर लिहिलं आहे, चहा पिता पिता.

चौदाव्याला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सरांच्या पत्नी म्हणाल्या, “मला दुसरं काई नको बाई. शाळेच्या भिंतीवर समद्या मास्तरांच्या नावांचा फलक हाय ना, त्याच्यावर ह्यांचं बी नाव लावा म्हणावं.” मी माहेरच्या पेटीतून ती वही काढली आणि सचिवांकडं गेले. त्यांनी चार पानं उलटली. “ताई, सर देवमाणूस होते, आमी न्हाई कुठं म्हणतो? पण रेकॉर्डला न्हाईत.”

“हे रेकॉर्डच आहे.”

“ही पोरीची वही हाय. ह्याच्यावर शिक्का कुठाय?”

मी म्हटलं, “तुमच्या शिक्क्याच्या कागदावर सर अठरा वर्षं नव्हते. मग ग्रुपवर हरपलं कोण?” त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि शिपायाला चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. फलक अजून तसाच आहे, सरांच्या नावाशिवाय. मी लेखी अर्ज दिला आहे, उत्तर आलं नाही, दुसरा देणार आहे.

वही आता माझ्या कार्यालयातल्या टेबलावर असते. ‘अस्तित्वात नाही’ लिहायची वेळ आली की हात आधी तिच्याकडं जातो, आणि मी त्या अर्जदाराला समोर बोलावून त्याचं नाव विचारते. साहेब कुरकुरतात, काम तुंबतं म्हणतात. तुंबू दे. वहीच्या कडा पिवळ्या पडल्यात, शाई फिकटली आहे. पण प्रत्येक खुणेखाली आठवीतल्या पोरीची वाकडीतिकडी सही आहे, आणि ती मी आजही नाकारत नाही.