दाढीचं सामान

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी त्याची सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सुटली, मग हळूहळू अंघोळ सुटली. दाढी तर आईच करून द्यायची. वडील आधीच गेलेले. "मी गेल्यावर याचं कोण करणार?" हा एकच घोर तिच्या जिवाला होता.

दवाखान्यातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी आधी आईलाच शिकवलं. बादली, साबण, रेझर, धुतलेला शर्ट रोज त्याच क्रमानं मांडायचं आणि गप्प बसायचं. "कुणाला न विचारता तो उठेल, त्या दिवशी ते काम त्याचं झालं," त्या म्हणाल्या. माझी आई आणि गप्प! शेवटी ती तोंडात अख्खी सुपारी धरून बाथरूमबाहेर पाटावर बसायला लागली. कितीतरी महिने बसली. एका सकाळी तो आपणहून उठला, अंघोळ केली आणि दाढी करून, हनुवटी कापून घेऊन बाहेर आला. आई सुपारीसकट रडली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. थंडीत आई गेली. तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना भाऊ नेहमीसारखी अंघोळ-दाढी करून बाहेर आला. आईचं काम टिकलं होतं, मला केवढं बरं वाटलं! पण नांदगावहून आलेले थोरले काका उसळले.

"सुतकात दाढी? आई जाऊन दोन दिस नाय झाले, अन् याला नटायचं सुचतंय!"

त्यांनी रेझर काढून घेतला. "काका, त्याची सवय मोडेल हो," मी ओरडले. कोण ऐकतंय! मला अजून त्यांचा राग येतो.

दहाव्याला गोदाकाठी न्हाव्यानं इतरांबरोबर त्याचीही हजामत केली. काही दिवसांनी मी सामान मांडलं आणि तोंडात सुपारी धरून आईच्या पाटावर बसले. त्यानं रेझर उचलला आणि थांबला.

"ताई, आता चालेल का?"

सुपारी काढून मी हो म्हटलं. तेव्हापासून तो रोज विचारतो. मी हो म्हटलं की सगळं नीट करतो.

मध्यंतरी मला कामासाठी दोन दिवस परगावी जावं लागलं. परतले तर तो बाथरूमच्या दारात उभा, दाढीचे खुंट वाढलेले, हातात कोरडा रेझर. मला पाहून केवढा हसला.

"ताई, आता चालेल का?"