ओडेटच्या ड्रेसचा गळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

२००६ च्या आसपासची गोष्ट. आम्ही भाईंदरला, जेसल पार्कात राहायचो. मी घरी ब्लाउज, ड्रेस शिवायचे. आमच्या वरच्या मजल्यावर ओडेट नावाची बाई भाड्याने आली. आफ्रिकेतली. तिचा नवरा इथून तयार कपडे तिकडे पाठवायचा. बिल्डिंगमधलं कुणी तिच्याशी बोलायचं नाही. मी बोलायचे — आणि त्याचा, खरं सांगू, मला थोडा अभिमानच होता.

एकदा ती ड्रेस शिवायला आली. गळा अगदी बंद हवा, म्हणाली. माप घेताना दिसलं — मानेपासून खांद्यापर्यंत जुना, जाड व्रण. मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत. तिच्या देशात एका जमातीने दुसरीची कत्तल केली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळेत लपलेले सगळे मेले. ती आईच्या अंगाखाली पडून राहिली, दोन दिवस.

"किसी को मत बोलना, दीदी."

नाही बोलणार, म्हटलं मी. तिचा हात धरून म्हटलं.

त्याच सुमारास मला एका सिनेमाच्या कपडेपटात काम मिळालं. घोडबंदरला सेट लागला होता. सिनेमा कशावर? — अशाच कत्तलीत अडकलेल्या एका भारतीय डॉक्टर जोडप्यावर. वाचणारे आपले, मरणारे तिथले. मी तिथे बटणं लावायचे, इस्त्री करायचे. माझं नावही कुणाला माहीत नव्हतं. एका दुपारी जेवताना दिग्दर्शक वैतागले होते — गर्दीतल्या माणसांच्या चेहऱ्यावर भीतीच दिसत नाही म्हणून. आणि मी, कुणी विचारलं नसताना, बोलून गेले — मी ओळखते एकीला.

सगळं सांगितलं. शाळा, आई, व्रण. पहिल्यांदाच सगळे हात थांबवून माझं ऐकत होते. काय सांगू — बरं वाटलं मला.

"तिला घेऊन या," ते म्हणाले. "सीन काय आहे ते सांगू नका. आणि गळा मोठा ठेवा. व्रण दिसला पाहिजे."

नाही म्हणता आलं नसतं का मला? आलं असतं. फार तर पुढचं काम गेलं असतं. मी ओडेटला सांगितलं, बाजाराचा सीन आहे, नुसती भाजी घ्यायचीय. तिला गंमत वाटली. सीनसाठी शिवलेल्या ड्रेसचा गळा बघून कचरली, तेव्हा म्हटलं, वरून ओढणी देतील. तो गळा मीच बेतला होता, माझ्याच कात्रीने.

सेटवर शाळेचा वर्ग उभा केला होता. जमिनीवर माणसं निजवलेली, लाल रंग ओतलेला. ती दारातच थांबली. ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून खाली बसली आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. कॅमेरा चालूच होता. मीही तिथेच उभी होते, हातावर तिची ओढणी घेऊन.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली.

"दीदी, आपने उनको बताया था?"

"नहीं. मुझे तो सीन का भी मालूम नहीं था."

ती रडायला लागली. "सॉरी, दीदी. मैंने आप पर शक किया."

मी तिची समजूत काढली. पाणी दिलं. चहासुद्धा केला.

त्यानंतर चार-पाच महिने ती तिथे होती. रोज जिन्यात भेटायची, हसायची. सांगता आलं असतं — रोज सांगता आलं असतं. मग ती दोघं घर सोडून गेली. सिनेमा नंतर लागला. तो शॉट त्यात होता. माझा नवरा म्हणाला, आपल्या ओडेटने काय काम केलंय. मी हो म्हटलं.

निघायच्या दिवशी तिने मला मिठी मारली होती. या बिल्डिंगमध्ये माझं म्हणावं असं तुम्हीच, म्हणाली. मी ते ऐकून घेतलं. खाली रिक्षापर्यंत तिची बॅगही नेऊन दिली.